मंदीचा काळ आणि हिशेबनीसाची विद्या

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शहरांतील पुष्कळ घरांत एकच वाद सुरू होतो. मुलानें अथवा मुलीनें शास्त्रशाखेकडे जावें कीं वाणिज्यशाखेकडे? कारखाने भरभराटींत असले म्हणजे हा वाद फार लांबत नाहीं. ज्याचा जिकडे ओढा असेल तिकडे तो जातो. परंतु वाळूजच्या अथवा शेंद्र्याच्या कारखान्यांतून माणसें कमी केल्याची वार्ता आली कीं वडील मंडळी चिंतेंत पडतात आणि विचारतात, “व्यापारच बसला, तर हिशेब लिहिणाऱ्याला कोण पुसणार?” हा प्रश्न वाजवी आहे. मुलाच्या शिक्षणावर चार पांच वर्षें व घरची बरीच पुंजी खर्च व्हावयाची असतां तो न विचारणेंच गैर होईल. मात्र त्याचें उत्तर नुसत्या धीराच्या शब्दांनीं देतां येत नाहीं. त्यासाठीं थोडा इतिहास, थोडा कायदा आणि थोडें गणित पाहावें लागतें. विद्यार्थिमित्रांनीं पेन्सिल हाताशीं ठेवून हा लेख वाचावा, अशी विनंति आहे.

प्रथम मंदी म्हणजे काय तें समजून घेऊं. मालाची मागणी कमी होते, म्हणून कारखानदार उत्पादन कमी करितो. उत्पादन कमी झालें म्हणून मजुराची मिळकत घटते. मिळकत घटली म्हणून तो मजूर कापड, भांडीं, दुचाकी हीं विकत घेण्याचें लांबणीवर टाकतो. आणि त्यामुळें मागणी आणखी घटते. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे लवकर थांबत नाहीं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, ह्या शहरास तें चांगलेंच परिचयाचें आहे. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोंवतीं सुटे भाग करून देणारे कित्येक लहान कारखाने उभे राहिले. मोठ्या झाडाच्या आधारानें वेली चढाव्या तसें हें झालें. परंतु झाडाला पाणी कमी पडलें म्हणजे वेली आधीं सुकतात. ऑगस्ट २०१९ मध्यें देशांतील प्रवासी मोटारींची विक्री मागील वर्षाच्या त्याच महिन्याहून सुमारें ३१ टक्क्यांनीं कमी झाली होती. तो धक्का पचतो न पचतो तोंच २०२० सालीं करोनाची साथ आली, आणि त्या वर्षीं एप्रिल ते जून ह्या तिमाहींत देशाचें एकूण उत्पादन, पहिल्या सरकारी अंदाजाप्रमाणें, २३.९ टक्क्यांनीं खालीं आलें.

अशा वेळीं कचेरींतील कोणाची नोकरी प्रथम जाते? खरें सांगावयाचें तर जी अद्याप कोणास लागलीच नाहीं, ती प्रथम जाते. मालक जुन्या हिशेबनीसास शक्य तोंवर ठेवून घेतो, कारण कोणतें बिल कोठें आहे आणि कोणत्या गिऱ्हाइकाचा स्वभाव कसा आहे, हें त्यालाच ठाऊक असतें. परंतु पुढील वर्षीं दोन नवीं माणसें घ्यावयाचीं असा जो त्याचा विचार असतो, तो तो मुकाट्यानें सोडून देतो. त्यानंतर पाळी येते ती केवळ आंकडे भरण्यासाठीं कंत्राटावर घेतलेल्यांची. म्हणून नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणास मंदीची झळ इतरांपेक्षां अधिक लागते, हें पालकांपासून लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. कॅनडांतील पदवीधरांच्या मिळकतीचा अर्थशास्त्रज्ञांनीं दीर्घकाळ मागोवा घेतला आहे. मंदीच्या वर्षीं बाहेर पडलेल्यांची आरंभींची मिळकत इतरांहून सुमारें नऊ टक्क्यांनीं कमी भरते आणि हें अंतर पुरतें मिटावयास सुमारें दहा वर्षें लागतात, असें त्यांस आढळलें. त्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. पहिली लहान नोकरी पत्करून, तेथें काम शिकून, नंतर अधिक चांगल्या ठिकाणीं गेलेल्यांनीं आपलें नुकसान लवकर भरून काढलें. जे पहिल्या जागीं अडकून राहिले ते मागें पडले.

दाराशीं गर्दी असते ती ही अशी. आंत काम किती आहे, हा प्रश्न मात्र निराळा. आणि तेथें इतिहास पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. व्यापाराच्या मोठमोठ्या पडझडींच्या मागून हिशेब तपासणाऱ्याचें महत्त्व वाढत गेलें आहे. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, तेव्हां मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरांत शेअरांचें वेड शिरलें. समुद्र हटवून जमीन करूं म्हणणाऱ्या कंपन्यांचे कागद मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले जाऊं लागले. युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १८६५ सालीं पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. जुनी बँक ऑफ बॉम्बेही ह्या लाटेंत सांपडली व १८६८ मध्यें त्याच नांवाची नवी बँक काढावी लागली. १८६६ च्या कंपनी कायद्यानें हिशेब ठेवणें व तपासून घेणें ह्या गोष्टींस कायद्यांत स्थान दिलें. परंतु तपासणारा इसम कोणत्या योग्यतेचा असावा, हें १९१३ चा कायदा होईपर्यंत ठरलेलें नव्हतें. त्याच १९१३ सालाच्या अखेरीस मुंबईची इंडियन स्पीशी बँक बुडाली. तिचे पैसे चांदीच्या सट्ट्यांत अडकले होते. त्याच वर्षीं मुंबईंत वाणिज्य शिकविणारें सिडनहॅम कॉलेज निघालें, हा योगायोग म्हणावा. पुढें १९१८ सालीं मुंबई सरकारनें हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. मान्यताप्राप्त तपासनिसाच्या हाताखालीं तीन वर्षें उमेदवारी करून जो परीक्षा उतरेल, त्यास सर्व देशांत हिशेब तपासण्याची परवानगी मिळत असे. १९३२ सालीं, म्हणजे सगळ्या जगांत मंदीचा कहर चालू असतां, हिंदुस्थान सरकारनें ह्या धंद्याविषयीं सल्ला देणारें अकौंटन्सी बोर्ड स्थापन केलें.

ज्या अमेरिकेंत ह्या मंदीचा उगम झाला, तेथें १९३३ सालीं दर चार कामकऱ्यांमागें सुमारें एक बेकार होता. परंतु त्याच व पुढील वर्षीं तेथें असे कायदे झाले कीं, लोकांस शेअर विकूं पाहणाऱ्या कंपनीनें आपले हिशेब बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसाकडून तपासून घेतलेच पाहिजेत. लाखों लोक देशोधडीस लागले असतां एका धंद्याला कायद्यानें कायमचें काम मिळवून दिलें. आपल्याकडे १ जुलै १९४९ रोजीं सनदी लेखापालांची अखिल भारतीय संस्था कायद्यानें अस्तित्वांत आली. तिचे पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कापडिया हे होते.

ह्या हकीगतीला दुसरी बाजूही आहे. एन्रॉन हें नांव महाराष्ट्रांतील वडील पिढीस दाभोळच्या वीजप्रकल्पामुळें ठाऊक आहे. ही अमेरिकन कंपनी डिसेंबर २००१ मध्यें दिवाळखोरींत गेली. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही पेढी जगांतील पांच सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकीं एक होती. तिच्यांत जगभर सुमारें ८५,००० माणसें काम करीत होतीं. एन्रॉनच्या प्रकरणानें तिच्यावरील लोकांचा विश्वास उडाला आणि २००२ सालीं ती पेढी मोडली. त्या ८५,००० पैकीं बहुतेकांनीं एन्रॉनच्या वहीचें एक पानही पाहिलें नव्हतें. ह्या धंद्यांत विकला जाणारा माल म्हणजे खरेपणा. तो गेला म्हणजे बाजार तेजींत असूनही दुकान बंद होतें.

आतां आजचा कायदा पाहूं. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें कंपनी लहान असो वा मोठी, नफ्यांत असो वा तोट्यांत, तिला वर्षाचा ताळेबंद तयार करून सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा लागतो. वर्षभरांत एक रुपयाचा माल विकला गेला नाहीं, म्हणून ताळेबंदापासून सुटका होत नाहीं. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला. त्यांत नोंदलेल्या दुकानदारास विक्री झाली नाहीं तरी निरंक विवरणपत्र पाठवावें लागतें. महाराष्ट्रांत दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत आणि १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणें त्यांचे हिशेब दरवर्षीं तपासले गेले पाहिजेत. पिकें बुडालीं म्हणून गांवच्या सोसायटीचा हिशेब थांबत नाहीं. उलट वसुली थकली म्हणजे तो अधिकच बारकाईनें पाहावा लागतो. आपल्या शहरापासून जवळच असलेल्या देवगिरीवर तेराव्या शतकांत हेमाद्रि हा यादवांचा श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य. सुकाळांत राज्याला दप्तर लागतें आणि दुष्काळांत तें अधिकच लागतें, हें त्या काळींही लोकांस ठाऊक असलें पाहिजे.

तेव्हां मंदींत हिशेबाचें काम नाहींसें होत नाहीं. परंतु तें बदलतें, आणि विद्यार्थ्यांचें लक्ष मला मुख्यतः ह्याच गोष्टीकडे वेधावयाचें आहे. तेजींत हिशेबनीसाला विचारला जाणारा प्रश्न असा असतो: “किती विकलें?” मंदींत मालक विचारतो: “हें काम घेऊं कीं नको? हें यंत्र ठेवूं कीं विकूं? पुढील महिन्याचा पगार कोठून देऊं?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर वहींत तयार असतें. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांचीं उत्तरें वहींतून काढावीं लागतात.

एक उदाहरण घेऊं. वाळूज येथें दुचाकीचा एक सुटा भाग तयार करणारा एक कल्पित कारखाना आहे असें समजा. एका नगाची किंमत ९० रुपये. एका नगास लागणारें लोखंड, वीज व हातमजुरी मिळून ५० रुपये. नग जितके अधिक तितका हा खर्च अधिक, म्हणून ह्यास बदलता खर्च म्हणतात. जागेचें भाडें, कायम नोकरांचे पगार, कर्जाचें व्याज आणि यंत्रांचा घसारा मिळून महिन्यास ३,००,००० रुपये. नग एक होवो कीं दहा हजार, ही रक्कम तेवढीच राहते, म्हणून हा स्थिर खर्च. चांगल्या महिन्यांत १०,००० नग जातात. विक्री ९,००,०००, त्यांतून बदलता खर्च ५,००,००० व स्थिर खर्च ३,००,००० वजा केला म्हणजे १,००,००० रुपये नफा राहिला.

मंदी आली आणि मागणी ६,००० नगांवर उतरली. विक्री ५,४०,०००, बदलता खर्च ३,००,०००, स्थिर खर्च पूर्ववत् ३,००,०००. म्हणजे ६०,००० रुपये तोटा. अशा वेळीं परगांवचा एक गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, “मी २,००० नग घेतों, पण ७० रुपयांच्या वर एक पैसा देणार नाहीं.” मालक आपल्या कारकुनास विचारतो. कारकून एकूण ६,००,००० रुपये खर्चास ६,००० नगांनीं भागतो आणि सांगतो, “साहेब, आपल्याला एक नग १०० रुपयांस पडतो. ७० ला दिला तर नगामागें ३० रुपये बुडतील. हें काम सोडून द्यावें.” भागाकार बरोबर आहे, सल्ला चुकीचा आहे.

कां, तें पाहा. हे २,००० नग केले काय आणि न केले काय, भाडें, पगार व व्याज द्यावयाचेंच आहे. नव्या कामामुळें वाढणारा खर्च नगामागें ५० रुपये एवढाच. ७० रुपये मिळाले तर नगामागें २० रुपये स्थिर खर्चाच्या भरपाईस उरतात. ह्या उरणाऱ्या रकमेस परिव्ययशास्त्रांत अंशदान म्हणतात. २,००० नगांचें अंशदान ४०,००० रुपये. म्हणजे ६०,००० चा तोटा २०,००० वर येतो. ताळा पाहावयाचा असेल तर ८,००० नगांचा हिशेब मांडा: विक्री ५,४०,००० अधिक १,४०,०००, एकूण ६,८०,०००, खर्च ४,००,००० अधिक ३,००,०००, एकूण ७,००,०००. आणि मालकानें वैतागून कारखान्यास महिनाभर कुलूप लावलें असतें, तर नोकर कायम असल्यामुळें बहुतेक सगळे ३,००,००० रुपये बुडाले असते. जुन्या भावानें ना नफा ना तोटा अशी पातळी कोणती, हेंही ह्याच रीतीनें निघतें. ९० रुपयांच्या विक्रींत नगामागें अंशदान ४० रुपये. ३,००,००० ला ४० नें भागलें म्हणजे ७,५०० नग.

सूज्ञ वाचक येथें एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. परगांवच्या गिऱ्हाइकास ७० रुपयांत माल मिळाल्याचें जुन्या गिऱ्हाइकांच्या कानीं गेलें तर? तेही ७० च मागतील आणि मग ह्या गणिताचा पायाच ढासळेल. म्हणून हा सौदा एकदांचा आहे कीं नेहमींचा, माल त्याच बाजारांत फिरणार आहे कीं दुसऱ्या, हें हिशेबनीसानें मालकास विचारलें पाहिजे. जो इतका विचार करूं शकतो त्यास मालक मंदींतही सोडीत नाहीं. जो केवळ भागाकार करितो त्याचें काम आतां यंत्र करितें.

लहान कारखान्याच्या बाबतींत दुसरी एक गोष्ट नफ्यातोट्याहूनही निकडीची असते. ती म्हणजे येणें. माल गेला, बिल झालें, नफा वहींत चढला. पण पैसे तीन महिन्यांनीं येणार. करखात्याला मात्र बिलाच्या तारखेशीं काम असतें, पैसे हातीं आले कीं नाहीं ह्याच्याशीं नाहीं. त्यामुळें वहींत नफा आणि तिजोरींत खडखडाट, अशी स्थिति होते. आणि मंदींत पुष्कळ धंदे तोट्यापेक्षां ह्याच कारणानें बसतात. आतां कायदा काय सांगतो तें पाहा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयींच्या कायद्याप्रमाणें नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदारानें लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आंत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. शिवाय २०२३-२४ ह्या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म व लघु उद्योगांस असे पैसे मुदतींत न देणाऱ्या खरेदीदारास ती रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, आयकरासाठीं खर्च म्हणून दाखवितां येत नाहीं. हे नियम ठाऊक असणारा आणि गिऱ्हाइकास न दुखवितां तसें सभ्य पत्र लिहिणारा तरुण आपला पगार दोन पत्रांत मिळवून देईल. हिशेब शिकणाऱ्यानें भाषेकडे दुर्लक्ष करूं नये, असें आम्ही वर्गांत वारंवार सांगतों, त्याचें एक कारण हें आहे.

धंदा वांचलाच नाहीं, तरीही हिशेबनीसाचें काम उरतें. ह्या शहराशीं व्हिडिओकॉन उद्योगसमूहाचा दीर्घ संबंध होता. पैठण रस्त्यावर चितेगांव येथें त्याचा मोठा कारखाना होता आणि तेथील पगारावर कित्येक घरें चाललीं होतीं. जून २०१८ मध्यें स्टेट बँकेच्या अर्जावरून, २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखालीं, ह्या कंपनीचें प्रकरण न्यायाधिकरणानें दाखल करून घेतलें. असें झालें म्हणजे संचालकांचे अधिकार थांबतात आणि एक नेमलेला व्यावसायिक कारभार हातीं घेतो. कोणाचें किती देणें खरें, कोणती मालमत्ता कोठें आहे, कोणता कागद कोरा आहे, हें सर्व त्यास व त्याच्या हाताखालच्या माणसांस वहीवहींतून शोधावें लागतें. समूहांतील १३ कंपन्या एकत्र धरण्यांत आल्या. सावकारांचें मान्य झालेलें देणें सुमारें ६४,८०० कोटी रुपये भरलें आणि २०२१ मध्यें न्यायाधिकरणानें जी बोली मंजूर केली ती सुमारें २,९६२ कोटींची होती. भागाकार करून पाहिला तर रुपयामागें साडेचार पैशांच्या आसपास येतात. जानेवारी २०२२ मध्यें वरच्या न्यायाधिकरणानें ती मंजुरी रद्द केली. ह्या कामासाठीं नेमले जाणारे पुष्कळसे व्यावसायिक सनदी लेखापाल असतात; परंतु त्यास आधीं पुष्कळ वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून नुकत्याच पदवीधर झालेल्यानें तेथें लगेच मोठ्या जागेची अपेक्षा करूं नये. त्याच्या वांट्यास येतें तें हाताखालचें काम, आणि शिकण्यास तेंच उत्तम. ज्या कामगारांची देणीं त्या याद्यांत असतात, त्यांच्या दृष्टीनें ती यादी बिनचूक होणें ही केवढी गोष्ट आहे, हें सांगावयास नको.

संगणकानें हिशेबनीसाची गरज संपविली, असेंही कानीं येतें. त्यांत अर्धें सत्य आहे. पूर्वी रोजकीर्दीवरून खतावणी करावयाची, खतावणीवरून तेरीज काढावयाची आणि तेरीज न जुळल्यास रात्र जागवावयाची, ह्यांतच कारकुनाचा जन्म जात असे. तें काम आतां यंत्र क्षणांत करितें. परंतु चुकीच्या खात्यावर घातलेली रक्कम यंत्र तितक्याच क्षणांत चुकीच्या ताळेबंदांत नेऊन पोंचवितें. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनीं हिशेबासाठीं वापरावयाच्या संगणक प्रणालींत प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करतां येतां कामा नये, असा नियम झाला आहे. कोणीं, केव्हां, कोणता आंकडा बदलला, हें त्यांत दिसतें. तो बदल कां केला, हें विचारण्यासाठीं मनुष्यच लागतो.

आतां मार्गांविषयीं थोडें, कारण पालकांस त्याची निकड असते. बारावीनंतर सनदी लेखापालाच्या प्राथमिक परीक्षेस बसतां येतें. वाणिज्य शाखेची पदवी निदान ५५ टक्के गुणांनीं मिळविणाऱ्यास ती न देतां मधल्या परीक्षेस थेट प्रवेश मिळतो. २०२३ च्या नव्या योजनेपासून उमेदवारी तीन वर्षांची दोन वर्षांवर आली आहे. ह्या परीक्षांत उत्तीर्ण होणाऱ्यांचें प्रमाण बहुधा अल्पच असतें, आणि एकदोन वेळां अपयश आलें म्हणून घरांत आकांत करण्याचें कारण नाहीं. मात्र मुलाची बसण्याची बैठक नसेल तर शेजाऱ्याचें पाहून त्यास तिकडे ढकलूंही नये. ज्यास कारखान्याच्या आंतील कामाची आवड आहे, त्यानें परिव्यय लेखापालाच्या परीक्षांचा विचार करावा. वर जें नगांचें गणित केलें तें त्याच शास्त्रांतलें. राज्याच्या सहकार खात्याची ‘सहकार व हिशेब’ ही शासकीय पदविका आहे, तीस सामान्य बोलण्यांत जी.डी.सी. अँड ए. म्हणतात. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास ती देतां येते, खर्च थोडा, आणि पतसंस्था, सोसायट्या, गृहनिर्माण संस्था ह्यांचे हिशेब तपासण्याच्या कामीं ती उपयोगी पडते. मराठवाड्यासारख्या प्रांतांत तिची किंमत लोक ओळखत नाहींत, ह्याचें आश्चर्य वाटतें. ह्यांखेरीज सरकारी लेखा व कोषागार खातें आहे. तेथील जागा स्पर्धापरीक्षेनें भरल्या जातात व तेथें व्यापारी मंदीची झळ प्रत्यक्ष पोंचत नाहीं, परंतु एका जागेसाठीं अर्ज किती येतात हें पाहिलें म्हणजे तो मार्ग सोपा आहे असें कोणी म्हणणार नाहीं.

उमेदवारीविषयीं एक शब्द. लहान लेखापालाच्या पेढींत विद्यावेतन थोडें, बसावयास जागा कमी आणि मार्च व सप्टेंबर महिन्यांत घरीं जावयास उशीर, हें सर्व खरें आहे. परंतु मोठ्या पेढींत एकाच बँकेचें एकच खातें सहा महिने तपासणारा उमेदवार आणि लहान पेढींत किराणा दुकान, जिनिंग, रुग्णालय, कारखाना व पतसंस्था ह्या पांचांचे हिशेब एका वर्षांत हाताळणारा उमेदवार, ह्यांपैकीं मंदींत कोणास आधीं काम मिळेल, असें मला कोणीं विचारलें तर मी दुसऱ्याचें नांव घेईन. मुलींच्या पालकांस मी विशेषेंकरून सांगेन कीं, हें काम घरापासून जवळ राहूनही करतां येतें व पुढें स्वतःची पेढी काढतां येते.

शाळेंतल्या मुलांनीं ह्यासाठीं पदवीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सुट्टींत एखाद्या ओळखीच्या दुकानदाराची परवानगी घेऊन एक महिन्याची रोजकीर्द स्वतः कागदावर लिहावी, तिची खतावणी करावी आणि तेरीज जुळते का तें पाहावें. पहिल्या वेळीं ती जुळणार नाहीं. कोठें चुकली तें शोधतांना जें समजतें तें पुस्तकाच्या दहा पानांनीं समजत नाहीं. एक रकम दोनदां चढलेली सांपडते, ९ च्या जागीं ६ वाचलेला निघतो, किंवा दुकानदारानें घरखर्चास नेलेले पैसे कोठेंच मांडलेले नसतात.

आणि ज्यांनीं पेन्सिल अजून खालीं ठेवली नसेल, त्यांच्यासाठीं वरील कारखान्याचेंच एक उदाहरण देतों. परगांवचा गिऱ्हाईक आलाच नाहीं असें समजा. मालकानें सर्व गिऱ्हाइकांसाठीं नगाची किंमत ९० वरून ८५ रुपयांवर आणली आणि त्यामुळें मागणी ६,००० वरून ७,००० झाली. बदलता व स्थिर खर्च पूर्वीप्रमाणेंच. तोटा किती राहिला? नव्या किंमतीनें ना नफा ना तोटा अशी पातळी गांठण्यास किती नग विकले पाहिजेत? आणि हीं दोन्ही उत्तरें हातीं आल्यावर, किंमत उतरविण्याचा सल्ला तुम्ही मालकास दिला असता काय, तें एका परिच्छेदांत लिहून आपल्या शिक्षकांस दाखवा.